दूध तोडलेल्या पिल्लांना कोणतं प्रोबायोटिक द्यावं? (वराहपालन, इंदूर-महू)

राऊचा_पशुपालक
नमस्कार मंडळी. राऊजवळ आमच्याकडे यॉर्कशायरच्या माद्या आहेत. पिल्लं सहा आठवड्यांची झाली की आईपासून वेगळी करतो. तीन-चार दिवसांत पातळ, पिवळट हगवण लागते, शेपटीखालची कातडी लाल होते आणि पिल्लू कोपऱ्यात अंग चोरून बसतं. दर खेपेला अँटिबायोटिक टोचायला मन होत नाही. प्रोबायोटिकची, म्हणजे पोटाला उपकारक अशा जिवंत जंतूंची, पाकिटं भरपूर दिसतात, घ्यायचं कोणतं? की घरचं ताकच पाजावं?

माळव्यातली_ताई
दादा, कंपनीचं नाव राहू द्या, पाकिटात जंतू कोणता आहे ते वाचा. लॅक्टोबॅसिलस चांगला, पण मे महिन्यात आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये तो तग धरत नाही, त्याला थंडावा लागतो. बॅसिलस सबटिलिस किंवा बॅसिलस लायकेनिफॉर्मिस बीजाणूच्या रूपात असतात, उन्हाळा काय, खाद्याच्या गोळ्या (पेलेट) बनवतानाची वाफही सोसतात. म्हणून माझं मत बॅसिलसलाच. किलोभर खाद्यात साधारण १०० कोटी जिवंत जंतू पडतील असा हिशोब धरा, मात्र मात्रा पाकिटावर लिहिलेलीच घ्या. भुकटी थेट पोत्यात ओतू नका. आधी किलोभर भरड्यात हाताने नीट चोळा, तो भरडा दहा किलोंत कालवा, मग सगळ्या खाद्यात. नाहीतर एका पिल्लाला सगळं आणि दुसऱ्याला काहीच नाही.
ताजं ताक थोडं पाजलंत तर बिघडत नाही, पण त्यात किती जंतू गेले याचा काही नेम नाही.

सोया_पट्ट्यातला
प्रोबायोटिक द्याच, पण खाद्यात डीओसी, म्हणजे तेल काढलेली सोयापेंड, किती घालता ते आधी सांगा. इंदुरात ती सहज मिळते म्हणून लहान पिल्लांच्या भरड्यातही सढळ हाताने पडते. या वयात पोटात आम्ल पुरेसं तयार होत नाही. आईच्या दुधातून मिळणारं संरक्षण एकाएकी तुटतं, त्यात आतड्यांच्या आतली लव झिजून आखूड होते. न पचलेली प्रथिनं पुढे सरकली की हगवण लावणाऱ्या ई. कोलाय जंतूंना आयती मेजवानी! मग पाकीट कितीही महाग असो, उपयोग नाही. डीओसी कमी करा, थोडी दूध पावडर घाला, कच्चं सोयाबीन तर अजिबात नको. आणि पिल्लं आईजवळ असतानाच, दोन-तीन आठवड्यांची झाली की, हेच प्रोबायोटिक घातलेला पिल्लांचा खुराक थोडा थोडा समोर ठेवा. दूध तोडलं त्या दिवशी खाद्य बदलू नका.

राऊचा_पशुपालक
डीओसी जास्तच पडते, खरं आहे. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलंच तर प्रोबायोटिक सोबत चालू ठेवू का?

माळव्यातली_ताई
जिवाणूंचं असेल तर बहुतेक वेळा दोन्ही एकत्र देणं म्हणजे पैसे पाण्यात, औषध त्यांनाही मारतं. कोर्स संपल्यावर सुरू करा. यीस्टचं, म्हणजे सॅकरोमायसेसचं असेल तर चालतं, अँटिबायोटिक त्याला मारत नाही. आणि कोलिस्टिन हे अँटिबायोटिक कुणी सुचवलं तर घेऊ नका, जनावरांसाठी ते २०१९ पासून आपल्या देशात बंद आहे.
हगवण लागलेल्या पिल्लाला ओआरएसचं पाणी लगेच सुरू करा, जीव पाणी कमी झाल्यानेच जातो. खाली कोरडं तूस टाका, रात्री बल्ब लावा.

सोया_पट्ट्यातला
विष्ठेत रक्त असेल, ताप असेल किंवा मोठी जनावरंही आजारी पडत असतील, तर प्रोबायोटिकच्या भरवशावर बसू नका. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवा, आणि तोवर ती पिल्लं बाकीच्यांपासून वेगळी ठेवा.