मदत हवी आहे : टेरियरचे परीक्षण करताना हातांनी नेमके काय तपासावे?

नमस्कार मंडळी,

आम्ही इंग्लंडच्या उत्तर टोकाला, नॉर्थम्बरलंडमध्ये राहतो आणि आमच्या घरी बॉर्डर टेरियर जातीची एक मादी आहे. तिला मी आसपासच्या ओपन शोमध्ये नियमित दाखवते. येत्या उन्हाळ्यात जवळच्या गावातील कृषी प्रदर्शनाबरोबर एक कम्पॅनियन शो, म्हणजे हौशी मंडळींसाठीचे छोटे श्वानप्रदर्शन, भरणार असून, त्यातील ‘कोणत्याही जातीचा टेरियर’ या वर्गाचे परीक्षण मी करावे असे आयोजकांनी सुचवले आहे. अशा शोमध्ये परीक्षकाला केनेल क्लबची (ब्रिटनमधील श्वानजातींच्या मुख्य संस्थेची) रीतसर मान्यता लागत नाही, त्यामुळे नियमांच्या दृष्टीने अडचण नाही. मात्र लोक पहाटेपासून कुत्र्याची तयारी करून, प्रवेश शुल्क भरून, विश्वासाने आपले जनावर परीक्षकासमोर टेबलावर उभे करतात. त्या विश्वासाला पात्र ठरेल इतकी तयारी मला हवी आहे. येथे डॉग शोची माहिती असलेली मंडळी आहेत हे जुन्या धाग्यांवरून दिसले, म्हणून सविस्तर विचारते आहे.

माझा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न स्पॅनिंगविषयी, म्हणजे कुत्र्याची छाती दोन्ही हातांच्या वेढ्यात धरून पाहण्याविषयी आहे. ज्यांना कल्पना नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बॉर्डर टेरियरच्या ब्रीड स्टँडर्डमध्ये (जात कशी असावी याच्या अधिकृत वर्णनात) शरीर खोल, अरुंद आणि बऱ्यापैकी लांब असावे, बरगड्या मागेपर्यंत गेलेल्या असाव्यात पण पिंपासारख्या फुगलेल्या नसाव्यात, आणि खांद्यामागे दोन्ही हातांच्या वेढ्यात कुत्रा मावावा अशी अपेक्षा सांगितली आहे. कारण उघड आहे. ही जात इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवरील चेव्हियट टेकड्यांमध्ये घडली. घोडेस्वारांच्या आणि शिकारी हाउंडच्या मागे दिवसभर धावायचे आणि कोल्हा बिळात किंवा खडकांच्या कपारीत शिरला की त्याच्या मागे आत जायचे, हे तिचे काम होते. छाती रुंद असलेला कुत्रा कपारीत अडकून पडला, तर तो परत येण्याची खात्री नसे. केनेल क्लबने 1920 साली जातीला मान्यता दिली, तेव्हा स्टँडर्ड लिहिणारी माणसे हे काम डोळ्यांनी पाहिलेली होती. हंटिंग अ‍ॅक्ट 2004 हा कायदा फेब्रुवारी 2005 मध्ये लागू झाल्यापासून इंग्लंडमध्ये ती जुनी शिकार थांबली. शिकार असावी की नसावी हा वाद मला येथे नको आहे. मला इतकेच जाणवते की, कुत्र्याची छाती योग्य आहे की नाही हे पूर्वी कपारच ठरवत असे, आणि आता ते ठरवण्यासाठी परीक्षकाच्या हातांशिवाय दुसरे काही उरलेले नाही. त्यामुळे ही तपासणी उरकून टाकण्याची गोष्ट आहे असे मला वाटत नाही.

आता अडचण अशी की, माझे हात लहान आहेत. आमच्या मादीचे वजन 6 किलोच्या आत आहे, म्हणजे स्टँडर्डमधील माद्यांच्या 5.1 ते 6.4 किलो या मर्यादेत ती बसते, आणि तिच्याभोवती माझी बोटे कशीबशी टेकतात. 7 किलोच्या नराभोवती ती टेकणार नाहीत, मग तो नर कितीही सुबक बांध्याचा असो. स्टँडर्डमध्ये ‘दोन्ही हात’ म्हटले आहे, हात कोणाचे ते सांगितलेले नाही. जॅक रसेल टेरियरच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्ये कोपरामागे छातीचा घेर 40 ते 43 सेंटिमीटर असावा असा आकडा तरी दिलेला आहे, बॉर्डरसाठी तसा आकडा नाही. मग लहान हातांच्या परीक्षकाने काय प्रमाण मानावे?

दुसरा प्रश्न मिश्र वर्गाविषयी आहे. या वर्गात बॉर्डरशेजारी वायर फॉक्स टेरियर, लेकलँड, नॉर्फोक, आणि आमच्या भागात हमखास दिसणारा बेडलिंग्टन उभा राहू शकतो. वायर फॉक्स टेरियरची पाठ आखूड हवी, बॉर्डरचे शरीर लांबट हवे. फॉक्स टेरियर चालताना त्याचे पुढचे पाय शरीराच्या बाजूला समांतर राहून घड्याळाच्या लंबकासारखे झुलले पाहिजेत. बेडलिंग्टनचे पुढचे पाय मात्र सरळ असूनही छातीपाशी एकमेकांपासून लांब आणि पंज्यांपाशी जवळ असतात, कमरेवर नैसर्गिक कमान असते आणि संथ चाल हलकी, उसळती असते. एकाचा गुण तो दुसऱ्याचा दोष. अशा पाच-सहा वेगवेगळ्या जातींना एका रांगेत उभे करून क्रम लावताना अनुभवी परीक्षक मनात नेमकी कोणती मोजपट्टी धरतात?

तिसरा प्रश्न केसांचा. बॉर्डरचे केस राठ आणि दाट असावेत, आत मऊ लव असावी आणि कातडी जाड असावी, हे मला ठाऊक आहे. आमच्या मादीचे मेलेले केस आम्ही हातानेच उपटून काढतो. परंतु घरगुती पाळीव कुत्री आणणारे पुष्कळ जण यंत्राने केस कापून आणतात. त्या कुत्र्याला केसांसाठी किती मागे ठेवावे?

कृपया अनुभवातून लिहावे. ऐकीव सल्लाही चालेल, फक्त तो ऐकीव आहे असे नमूद करावे.

धागाकर्ती

प्रतिसाद : पायवाट

ताई, प्रश्न फार नेमके विचारले आहेत. मी यॉर्कशरमध्ये बरीच वर्षे टेरियर शोमध्ये स्टुअर्ड, म्हणजे रिंगमध्ये परीक्षकाचा मदतनीस, म्हणून काम केले आहे आणि लहान शोमध्ये परीक्षणही करतो. माझी समजूत सांगतो.

स्पॅनिंगमध्ये बोटे टेकतात की नाही ही गोष्ट दुय्यम आहे. तुमच्या हातांना तीन गोष्टी कळल्या पाहिजेत, त्या म्हणजे छातीचा आकार, तिची लवचीकता आणि बरगड्या कुठवर मागे जातात ते. कुत्रा टेबलावर नीट उभा असताना त्याच्या मागच्या बाजूला, त्याचे तोंड आहे त्याच दिशेला तोंड करून उभे राहा. दोन्ही हात कोपरांच्या लगेच मागून खाली न्या, अंगठे पाठीवर खांद्यांच्या उंचवट्यामागे आणि बोटे छातीच्या तळाशी येऊ द्या. मग अगदी हलका दाब द्या. चांगल्या बॉर्डरच्या बरगड्या त्या दाबाला किंचित आत जातात आणि हात सैल करताच परत येतात. पिंपासारखी छाती दाबाला दाद देत नाही, आणि तुमचे तळवे बाजूला फाकलेले तुम्हाला आपोआप जाणवतात. उलट काही कुत्री इतकी सपाट असतात की बोटे सहज एकमेकांवर चढतात. तिथे हृदयाला आणि फुप्फुसांना जागाच नाही असे समजावे. स्टँडर्डला घोड्यामागे धावू शकेल असा कुत्रा हवा आहे, त्यामुळे नुसता बारीक कुत्रा म्हणजे चांगला बॉर्डर नव्हे. मधला, खोल आणि अरुंद आकार हाताला एकदा ओळखीचा झाला की हात लहान असल्याने फरक पडत नाही. बोटांत दोन बोटांचे अंतर उरले तरी आकार बरोबर आहे की नाही ते कळतेच. काही परीक्षक या वेळी कुत्र्याचे पुढचे पाय टेबलापासून थोडे उचलतात. मी उचलत नाही, कारण अननुभवी कुत्रे घाबरते आणि अंग आखडून घेते, मग हाताला खरे काही कळत नाही.

एक काळजी घ्यावी. स्पॅनिंग शेवटी करा. आधी दोन पावले मागे उभे राहून बाजूने आकृती पाहा, मग समोरून शांतपणे जवळ जा, डोके पाहा, दात पाहा. बॉर्डरचे डोके पाणमांजरासारखे, म्हणजे कवटी बऱ्यापैकी रुंद आणि तोंड आखूड पण भक्कम असले पाहिजे. दातांची ठेवण कात्रीसारखी हवी, वरचे आणि खालचे दात एकमेकांवर टेकले तरी चालते, पण खालचा किंवा वरचा जबडा पुढे आलेला असेल तर तो मोठा दोष आहे. त्यानंतर मान, खांदे, पुढचे पाय. मग पाठीवरची कातडी दोन्ही हातांनी मुठीत धरून पाहा. ती जाड आणि सैल लागली पाहिजे. बिळात दात आणि दगड लागायचे ते याच कातडीला, म्हणून जुने लोक तिला फार जपतात. हे सगळे होईपर्यंत कुत्र्याला तुमच्या स्पर्शाची सवय झालेली असते.

सरावासाठी एक सुचवतो. परीक्षणाआधी एखाद्या शोमध्ये रिंग स्टुअर्ड म्हणून उभ्या राहा, आणि शो संपल्यावर ओळखीच्या हँडलरांना (रिंगमध्ये कुत्रे दाखवणाऱ्यांना) विनंती करून त्यांच्या कुत्र्यांवर हात ठेवून पाहा. बॉर्डरवाली मंडळी मोकळ्या मनाची असतात, आवर्जून विचारणाऱ्याला सहसा नाही म्हणत नाहीत. एकाच सकाळी सात-आठ छात्या पाठोपाठ हाताखालून गेल्या की, पुस्तक वाचून जे कळत नाही ते कळते.

प्रतिसाद : उत्तररंग

पायवाट यांचे स्पॅनिंगबद्दलचे म्हणणे पूर्ण पटले. मिश्र वर्गाविषयी मी थोडे लिहिते, कारण माझा वायर फॉक्स टेरियर अशा वर्गांमध्ये पुष्कळदा उभा राहिलेला आहे.

रिंगमधल्या कुत्र्यांची एकमेकांशी तुलना करायचीच नाही, हे पक्के धरा. प्रत्येक कुत्रे स्वतःच्या स्टँडर्डच्या किती जवळ पोहोचते ते ठरवा आणि मग ती अंतरे शेजारी ठेवा. नॉर्फोकचे कान खाली पडलेले हवेत, नॉरिचचे उभे. 1964 साली केनेल क्लबने या दोन जाती वेगळ्या केल्या त्या याच फरकावर. तेव्हा नॉरिचचे उभे कान पाहून एखाद्या नव्या परीक्षकाने नाक मुरडले, तर त्याने घरचा अभ्यास केलेला नाही एवढेच सिद्ध होते. ज्या जाती येण्याची शक्यता आहे त्यांची स्टँडर्ड आधी वाचून ठेवा, आणि प्रत्येक जातीत कोणती एक गोष्ट गेली तर जातच हरवते, ते स्वतःच्या शब्दांत लिहून काढा. माझ्या मते बॉर्डरमध्ये ती गोष्ट डोके आणि छाती, फॉक्स टेरियरमध्ये पुढचा भाग, खांदे आणि तोल, बेडलिंग्टनमध्ये कमरेची कमान आणि चाल.

दोष मोजत बसू नका, हे मात्र कळकळीने सांगते. दोष शोधणे सोपे असते, आणि ज्याच्यात दोष सापडत नाही असे निर्जीव, मध्यम कुत्रे मग पहिले येते. तोल, चाल आणि डोळ्यांतली चमक यांनी कुत्रे टेरियर वाटते की नाही ते आधी पाहा.

अमेरिकेत आणि इथेही काही टेरियर जातींमध्ये दोन कुत्र्यांना थोड्या अंतरावर समोरासमोर आणून त्यांची ऐट पाहण्याची पद्धत आहे, तिला स्पारिंग म्हणतात. मिश्र वर्गात तुम्ही ते करू नये, आणि बॉर्डरबाबत तर मुळीच नको. बॉर्डर हाउंडच्या कळपाबरोबर राहणारी जात आहे, इतर कुत्र्यांशी भांडखोरपणा तिच्यात अपेक्षित नाही. शांत उभा राहिलेला बॉर्डर निरुत्साही आहे असा अर्थ काढू नये.

केसांबद्दल : यंत्राने कापले की मेलेले केस आतच राहतात, पोत मऊ पडतो, रंग फिका दिसतो. पण लांबी किंवा छाटणी हा मुद्दा धरू नका, पोत आणि आतली लव हाताने तपासा. घरगुती कुत्र्याचे केस यंत्राने कापलेले असले आणि बांधा उत्तम असला, तर तो नीटनेटक्या पण फुगीर छातीच्या कुत्र्यापुढे जावा असे माझे मत. केस काही महिन्यांत पुन्हा येतील, छाती बदलणार नाही. खडूची पूड किंवा फवारा वापरून केस ताठ केलेले असतील तर मात्र विचारा, कारण पोत किंवा रंग बदलणारा पदार्थ रिंगमध्ये केसांत असू नये.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. ‘आकार आणि लवचीकता’ हे उत्तर मला हवे होते तसेच मिळाले. पुढच्या आठवड्यात स्टुअर्डच्या कामासाठी नाव नोंदवते.

एक शंका उरली आहे. या कृषी प्रदर्शनाला फाटकावर प्रवेशाचे तिकीट आहे. बॉर्डरचे शेपूट परंपरेने कापत नाहीत, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर कधी आला नव्हता, पण लेकलँड किंवा फॉक्स टेरियर शेपूट कापलेला आला तर मी काय करावे? त्याचे परीक्षण करून त्याला मागे ठेवायचे, की परीक्षणच करायचे नाही?

प्रतिसाद : पायवाट

तिकीट लावलेल्या कार्यक्रमात हा कायद्याचा प्रश्न होतो, परीक्षकाच्या आवडीनिवडीचा नाही. इंग्लंडमध्ये 6 एप्रिल 2007 रोजी किंवा त्यानंतर शेपूट कापलेला कुत्रा, जनतेकडून प्रवेश शुल्क घेणाऱ्या शोमध्ये दाखवता येत नाही. कामाचा कुत्रा म्हणून पशुवैद्याने रीतसर प्रमाणपत्र देऊन शेपूट कापलेले असले तरीही हेच लागू आहे. अपवाद फक्त कुत्र्याचे काम करण्याचे कौशल्य दाखवण्यापुरता आहे, आणि सौंदर्य व बांधा पाहणाऱ्या वर्गात तो बसत नाही. आज जिवंत असलेला जवळजवळ प्रत्येक कुत्रा त्या तारखेनंतर जन्मलेला असणार, त्यामुळे तारखेचा फायदा कोणाला मिळण्याची शक्यताही नाही.

तेव्हा आयोजकांशी आत्ताच बोला आणि प्रवेशपत्रिकेवर हा नियम ठळक छापायला सांगा. नोंदणीच्या टेबलावरच तो कुत्रा थांबवला गेला पाहिजे. तरीही एखादा रिंगमध्ये आला, तर मालकाशी स्वतः वाद घालू नका, स्टुअर्डला बोलावून शोच्या सचिवांना कळवा आणि त्यांचा निर्णय येईपर्यंत वर्ग थांबवून ठेवा.