मदत हवी आहे: विंडोज ११ आल्यावर वाचनालयाची जुनी ग्रंथयादी उघडेना

नदीकाठ:

नमस्कार,

सांगली जिल्ह्यात कृष्णेच्या काठी आमचं गाव आहे. गावच्या सार्वजनिक वाचनालयातलं संगणकाचं काम मी नोकरी सांभाळून संध्याकाळी बघतो. विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. आमचं मशीन ११ ला चालण्यातलं नव्हतंच. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, प्रोसेसर आठव्या पिढीच्या बराच आधीचा. एका सभासदांनी वडिलांच्या स्मरणार्थ नवा संगणक दिला, तो विंडोज ११ घालूनच आला. मशीन झकास आहे, पण त्यावर ग्रंथयादीच उघडत नाही आणि देवघेव पुन्हा वहीवर आली आहे.

यादीबद्दल जरा सविस्तर सांगतो. प्रोग्रॅम फॉक्सप्रो २.६ या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये केलेला आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गावातल्याच एका मुलाने तो करून दिला, त्याचा आता काही संपर्क नाही. त्यात दाखल क्रमांक, पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, किंमत हे तर आहेच, पण खरा ऐवज शेऱ्याच्या रकान्यात आहे. ग्रंथपाल काकूंनी तो वर्षानुवर्षं भरला. पुस्तक कुणी देणगी दिलं, कुठल्या प्रतीवर लेखकाची सही आहे, कुठल्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ गेलंय, बांधणीला देताना कुठले दोन खंड एकत्र शिवले. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात खालच्या कपाटातल्या दाखल नोंदवह्यांचा लगदा झाला. संगणक वेळीच माळ्यावर चढवला होता म्हणून वाचला. या फायली गेल्या तर ते शेरे पुन्हा कुठून आणणार? म्हणून घाईघाईत काही करायची माझी तयारी नाही.

आता अडचण. नव्या संगणकावर प्रोग्रॅम उघडला की ‘हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही’ एवढाच संदेश येतो. कम्पॅटिबिलिटीत जाऊन जुन्या विंडोजचे सगळे पर्याय लावून बघितले, फरक नाही. डीबीएफ फाइल (फॉक्सप्रो नोंदी साठवतं ती) एक्सेलमध्ये उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, डोक्यावर टिंबं असलेले स्वर आणि चौकोन दिसतात. टायपिंग जुन्या, युनिकोड (सगळीकडे चालणारे अक्षरांचे एकसमान कोड) नसलेल्या फॉन्टमध्ये आहे. तो फॉन्ट जुन्या मशीनवरून आणून नव्यावर घातला. वर्डपॅडच्या बदल्यात जे घेतलंय त्यात तो दिसतो, पण पेजमेकरमध्ये, जिथे आम्ही वार्षिक स्मरणिका लावतो, तिथे यादीत येतच नाही.

शिवाय काकूंची सवय टाइपरायटरच्या मांडणीची. नव्या संगणकावर मराठी कीबोर्ड जोडला तर अक्षरं भलतीकडेच. आणि पावत्यांचा जुना प्रिंटर जोडला जात नाही.

जुनं मशीन अजून चालू स्थितीत आहे, त्याचं इंटरनेट काढून ठेवलंय. कुठून सुरुवात करू? दुकानदार म्हणतो, ‘सगळं नव्याने टाइप करून घ्या.’ ते मला पटत नाही.

——

खिळाजोडणी:

नव्याने टाइप अजिबात करू नका. सगळा मजकूर जसाच्या तसा आहे, फक्त तो दाखवणारं साधन गेलंय.

फॉक्सप्रो २.६ हे १६-बिट, म्हणजे फार जुन्या पद्धतीचं सॉफ्टवेअर आहे. तुमच्या जुन्या मशीनवर ३२-बिट विंडोज असणार, त्यात १६-बिट प्रोग्रॅम चालवायची सोय होती. विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्ये येतं आणि ६४-बिट विंडोजवर १६-बिट प्रोग्रॅम चालत नाहीत. त्यामुळे कम्पॅटिबिलिटीचे पर्याय कितीही बदलले तरी उपयोग नाही. प्रिंटरचंही मूळ बहुधा हेच. त्याचा ३२-बिट ड्रायव्हर इथे चालणार नाही, ६४-बिट मिळतो का बघा. विंडोज १० चा ६४-बिट ड्रायव्हर बहुतेकदा ११ वर चालून जातो.

जुन्या मशीनला फॉरमॅट मारू नका, कुणाला देऊ नका. त्या प्रोग्रॅमचा अख्खा फोल्डर दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या. नुसती डीबीएफ घेऊन भागणार नाही. त्याच नावाची एफपीटी असेल तीही हवी. फॉक्सप्रोमध्ये लांब मजकूर, म्हणजे तुमचे शेरे, मेमो रकान्यात असतील तर ते एफपीटीत राहतात. डीबीएफ एकटी आणली तर पुस्तकांची नावं येतील आणि काकूंची सगळी मेहनत मागे राहील. विंडोजचा फॉन्ट्स फोल्डरही पूर्ण कॉपी करा.

मग नव्या संगणकावर लिबरऑफिस हे मोफत ऑफिस सॉफ्टवेअर घाला. त्याच्या कॅल्कमध्ये (एक्सेलसारख्या भागात) डीबीएफ थेट उघडते. उघडताना ते कॅरॅक्टर सेट, म्हणजे कुठल्या कोडला कुठलं अक्षर, ते विचारतं, तिथे विंडोज-१२५२, म्हणजे वेस्टर्न युरोप निवडा. डॉसचा कुठला सेट निवडलात तर १२७ च्या पुढचे सगळे कोड बदलतात आणि मग योग्य फॉन्ट लावूनही अर्धी जोडाक्षरं चुकीची दिसतात. उघडल्यावर रकाना निवडून तुमचा जुना फॉन्ट लावा, मराठी दिसायला लागेल.

——

अक्षरओढ:

पेजमेकरमध्ये फॉन्ट न दिसण्याचं कारण सांगते, आमच्या डीटीपीच्या कामात हे रोजचं आहे. विंडोज १० च्या २०१८ च्या आवृत्तीपासून फॉन्टवर नुसतं ‘इन्स्टॉल’ म्हटलं की तो फक्त त्या वापरकर्त्यापुरता बसतो, विंडोजच्या मुख्य फॉन्ट्स फोल्डरमध्ये जात नाही. जुने प्रोग्रॅम फक्त मुख्य फोल्डर बघतात. आधीचा काढून टाका, मग फाइलवर राइट क्लिक, ‘शो मोअर ऑप्शन्स’, आणि तिथे ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’. पेजमेकर बंद करून पुन्हा उघडा.

तुमच्याकडे सरकारी पत्रांचे नमुने मंगल फॉन्टमध्ये असतील तर त्यांच्याही ओळी नव्या संगणकावर खालीवर झालेल्या दिसतील. मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट आता आपसूक येत नाहीत. सेटिंग्ज, सिस्टिम, ऑप्शनल फीचर्समध्ये जाऊन ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ घालावे लागतात. तोपर्यंत विंडोज निर्मला वापरतं. मजकूर दिसतो, पण अक्षरांची रुंदी वेगळी असल्याने पानं सरकतात. र. कृ. जोशींचा मंगल इतकी वर्षं प्रत्येक संगणकावर बघितलेला, तो असा शोधून घालावा लागतो याचं मला वाईट वाटतं.

पण नदीकाठ, माझा आग्रह आहे की एवढ्यावर थांबू नका. फॉन्ट लावून मराठी दिसलं तरी संगणकाच्या लेखी ते मराठी नाहीच. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये ‘मराठी’ लिहिलं तर फाइलमध्ये ई, जे, के, मोठा बी आणि एच एवढंच साठवलेलं असतं. म्हणून शोध लागत नाही, अकारविल्हे लावायला गेलं तर इंग्रजीच्या क्रमाने लागतं. यादी युनिकोडमध्ये आणली की पुढच्या विंडोजला, लिनक्सला, मोबाइललाही ती वाचता येईल. फॉन्टचं नाव कळवा, त्याप्रमाणे कन्व्हर्टर सुचवते. दर फॉन्टचे कोड वेगळे, एकाचा कन्व्हर्टर दुसऱ्याला चालत नाही.

——

नदीकाठ:

दोघांचेही मनापासून आभार. कॅल्कमध्ये यादी उघडली! एफपीटी सोबत ठेवली होती, शेरेही आले. काकूंना बोलावून दाखवलं, त्यांनी पहिल्यांदा दिवाळी अंकांच्याच नोंदी काढायला लावल्या आणि वाचत बसल्या. पेजमेकरचा प्रश्नही सुटला. फॉन्ट कृतिदेवच आहे.

थोड्या नोंदी कन्व्हर्टरमधून काढून बघितल्या. बरंचसं बरोबर येतंय, पण ‘शेतकऱ्यांचे’ चं ‘शेतकर्यांचे’ होतंय. आणि आमच्याकडे इंग्रजी पुस्तकंही याच रकान्यात आहेत, त्यांची नावं कन्व्हर्टरने मराठी अक्षरांचा चिवडा करून टाकली. शिवाय जुना प्रोग्रॅम जेवढी पुस्तकं दाखवतो त्यापेक्षा कॅल्कमध्ये नोंदी कमी आहेत. याने मात्र धास्तावलोय.

——

खिळाजोडणी:

धास्तावू नका. फॉक्सप्रोत खोडलेली नोंद लगेच नाहीशी होत नाही, तिच्यावर फक्त खूण होते. ‘पॅक’ ही आज्ञा दिली तरच ती खरंच जाते. तुमचा प्रोग्रॅम बहुधा खूण केलेल्या नोंदीही मोजतोय आणि कॅल्क त्या वगळतंय. काकूंना विचारा, फाटलेली, हरवलेली पुस्तकं बाद करताना त्या काय करायच्या. लिबरऑफिसच्या बेस या डेटाबेसच्या भागात डीबेस जोडणी (डीबीएफ फायलींची) केली तर खोडलेल्या नोंदीही दाखवायचा पर्याय आहे. फरक तेवढाच निघाला तर हिशेब जुळला. आणि बाद पुस्तकांची यादीही जपा, वाचनालयाच्या इतिहासात तिलाही जागा आहे.

——

अक्षरओढ:

इंग्रजी पुस्तकं आधी वेगळी काढा. भाषेचा किंवा वर्गाचा रकाना असेल तर त्यावर फिल्टर लावा. नसेल तर डोळ्यांनी निवडावी लागतील, त्याला इलाज नाही. दाखल क्रमांक आणि किंमत कन्व्हर्टरमधून काढूच नका.

कन्व्हर्ट केलेला मजकूर नव्या रकान्यात ठेवा, जुना रकाना शेजारी तसाच राहू दे. चूक आज दिसली नाही तरी दोन वर्षांनी कुणाला दिसेल, तेव्हा मूळ समोर हवं.

‘ऱ्य’ चं असं की युनिकोडमध्ये साधा र, हलन्त, य लिहिलं की रफार होतो. आपल्याला हवा असतो तो नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग य. पण ‘र्य’ ला सरसकट ‘ऱ्य’ करू नका, नाहीतर ‘सूर्य’ आणि ‘आचार्य’ बिघडतील. ‘र्या’, ‘र्यां’, ‘र्ह’ असं शोधून एकेक बदल मान्य करा. ‘कर्हाड’ असं आलं असेल तिथे ‘कऱ्हाड’ हवं, आणि तुमच्या भागात तो शब्द बऱ्याच वेळा येणार. ऱ्हस्व इकार आणि रफार यांच्या जागाही तपासा. कृतिदेवमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर साठवली जाते, त्यामुळे जोडाक्षरावर वेलांटी असली की कन्व्हर्टर अडखळतात.

काकूंच्या कीबोर्डबद्दल: विंडोज ११ मध्ये मराठीसाठी इन्स्क्रिप्ट (भारतीय लिपींची प्रमाण मांडणी) आणि फोनेटिक आहे, टाइपरायटरची मांडणी नाही. ती देणारी आयएमई, म्हणजे टायपिंगची साधनं, वेगळी मिळतात, काकूंना तीच बसवून द्या. इतक्या वर्षांचा हात बदलायला लावणं मला तरी योग्य वाटत नाही. तुम्ही स्वतः मात्र इन्स्क्रिप्ट शिका. ऱ साठी शिफ्ट आणि जे, हलन्तासाठी डी, ळ साठी शिफ्ट आणि एन. एकदा बसलं की कुठल्याही संगणकावर चालतं.

——

पुस्तकांच्या_गावचा:

एक वेगळी सूचना. नव्या संगणकात मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं असेल तर डिव्हाइस एन्क्रिप्शन बहुधा आपसूक सुरू झालेलं असेल. म्हणजे हार्डडिस्क कुलूपबंद. उद्या मदरबोर्ड बिघडला किंवा बायोसमध्ये काही बदललं तर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते, ती नसेल तर यादी गेली. की त्याच खात्यावर जपलेली असते, पण खातं कुणाचं आहे ते बघा. आमच्याकडे ते संगणक बसवायला आलेल्या मुलाच्या नावावर निघालं. वाचनालयाच्या नावाने खातं काढा, की कागदावर छापून कार्यकारिणीच्या दप्तरात ठेवा.

पुढे कधी पूर्ण ग्रंथालय प्रणाली हवी झाली तर केंद्र सरकारच्या एनआयसीची ई-ग्रंथालय आणि मुक्त स्रोत कोहा या दोन्हींत युनिकोड मराठी चालतं. कोहाला लिनक्स सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस लागतो, म्हणून लहान वाचनालयाने आधी यादी नीट करावी, प्रणालीचा विचार नंतर करावा असं माझं मत.

——

नदीकाठ:

खातं तपासलं, सचिवांच्या नावावर होतं. की छापून दप्तरात लावली.

आणि हिशेब जुळला. फरक बाद पुस्तकांचाच होता. काकू म्हणाल्या, पुराच्या आधीपासून त्या अशीच खूण करायच्या. पुरात गेलेली पुस्तकंही तशीच नोंदवलेली आहेत, प्रत्येकाच्या शेऱ्यात तारखेसकट. ती यादी वेगळ्या पानावर काढून ठेवली.

‘ऱ्य’ चं काम कॉलेजच्या दोन मुली काकूंशेजारी बसून करताहेत. फक्त एक विचारायचं राहिलं. लेखकांची यादी अकारविल्हे लावली तर क्षीरसागर ‘क’ मध्ये येतात, काकूंना ते ‘ह’ नंतर हवेत, आमच्या कार्डांच्या पेटीत होते तसे.

——

खिळाजोडणी:

क्ष हे युनिकोडमध्ये क, हलन्त, ष असं साठवलं जातं, म्हणून ते ‘क’ मध्ये लागतं. ज्ञ चंही तसंच. सोपा उपाय म्हणजे ‘क्रम’ नावाचा एक जादा रकाना करा. त्यात क्ष ने सुरू होणाऱ्यांपुढे २, ज्ञ ने सुरू होणाऱ्यांपुढे ३ आणि बाकी सगळ्यांपुढे १ भरा. यादी आधी त्या रकान्यावर आणि मग लेखकाच्या आडनावावर लावा, छापताना ‘क्रम’ लपवा. आधी थोड्या नावांवर करून बघा, जमलं की सगळ्यांना लावा.