बाबांच्या पायाची जखम पाच महिने भरत नाही. काय तपासून घ्यावे?

नमस्कार. आम्ही गोव्यात डिचोली तालुक्यात राहतो. बाबा ६४ वर्षांचे. तीस वर्षे खासगी बसवर कंडक्टर होते, म्हणजे दिवसभर उभेच. अकरा वर्षांपासून मधुमेह आहे. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आदल्या दिवशी गणपतीवर टांगायच्या माटोळीचे सामान आणायला रानात गेले आणि डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला, जरा वर, काटा ओरबाडला. नखाएवढा ओरखडा. आता फेब्रुवारी उजाडला तरी तो भरलेला नाही, उलट पसरलाय.

फोटो टाकलेला बाबांना आवडणार नाही, म्हणून लिहूनच सांगते. जखम उथळ आहे, कडा वेड्यावाकड्या, तळ लाल आणि त्यावर पिवळट थर. सतत पाझरते. सकाळी बांधलेले गॉज दुपारपर्यंत ओलेचिंब होते. भोवतीची कातडी तपकिरी पडून लाकडासारखी टणक झालीय. संध्याकाळी पाय सुजतो, पाय वर घेऊन पडले की ठणका उतरतो. पोटरीवरच्या फुगलेल्या शिरा मी लहान असल्यापासून पाहतेय. ताप नाही. मध्यंतरी घाण वास यायला लागला होता, तेव्हा अँटिबायोटिकचा कोर्स झाला.

ड्रेसिंगला जवळच्या एका दवाखान्यात नेतो. तिथे रोज हायड्रोजन पेरॉक्साइड आणि वर आयोडीन. सुकलेले गॉज ओढून काढतात, त्यासरशी नवी आलेली नाजूक कातडीही निघते आणि रक्त येते. बाबा तेव्हा बाकाची कड घट्ट धरून बसतात. विचारले की उत्तर एकच, "शुगर आहे, वेळ लागणारच." पण एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) सप्टेंबरात ९.१ होते, गेल्या महिन्यात ७.४ आले. शुगर उतरली, जखम तशीच. आता हे उत्तर माझ्या मनाला पटत नाही.

दर रविवारी मी एक करते. पारदर्शक प्लास्टिकची स्वच्छ पिशवी जखमेवर धरते आणि पेनाने कडेची रेघ ओढते. जखमेला लागलेला थर कापून फेकते, वरचा तारीख घालून ठेवते. सहा रविवारांच्या रेघा एकावर एक ठेवल्या तर जवळजवळ एकच रेघ दिसते.

शेजारच्या काकांनी क्रेप बँडेज आणून दिलेय, घट्ट बांधा म्हणतात. बांधू का? आणि आजीच्या सांगण्यावरून बाबांनी चवथीपासून मासे सोडलेत. बांगड्याने जखम चिघळते, असे तिचे म्हणणे. डाळभातावर माणूस सुकत चाललाय.

प्रतिसाद :
ताई, मी सर्जरी वॉर्डात बरीच वर्षे नर्स होते. लिहिलेत त्यावरून ही शिरांची जखम वाटते. शिरांमधल्या झडपा निकामी झाल्या की रक्त पायातच साचते, कातडी तपकिरी होते, घोट्याच्या आतल्या बाजूला फुटते. अशा जखमेला दाब देणारी बांधणी हाच खरा इलाज. पण क्रेप बँडेज आज बांधू नका. आधी धमनीचा रक्तपुरवठा तपासून घ्या. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून गुणोत्तर काढतात, त्याला एबीआय म्हणतात. ०.८ च्या खाली आले तर घट्ट बांधणीने पायाचे नुकसान होऊ शकते. मधुमेहात धमन्या कडक होतात, म्हणून आकडा खोटाच जास्त येऊ शकतो. १.३ च्या वर आला तर पायाच्या बोटाचा दाब मोजायला सांगा. शिरांचा डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करा, तळव्याची जाणीवही बघून घ्या. तीन महिन्यांवर गेलेली जखम आहे, तेव्हा कडेचा तुकडा तपासायचा का, हे आपणहून विचारा. क्वचित त्यात कॅन्सर निघतो.

पेरॉक्साइड थांबवायला सांगा, नवी पेशी त्यात मरते. सलाइनने धुवायचे, न चिकटणारे ड्रेसिंग घालायचे. गॉज चिकटलेच तर सलाइनने भिजवून सोडवायचे, ओढायचे नाही. आणि मासे द्या! जखम भरायला प्रथिने लागतात. आजींना माझा नमस्कार सांगून द्या. लाली पसरली, थंडी वाजून ताप आला, बोटे काळी किंवा गार पडली तर ओपीडीची वाट न बघता थेट कॅज्युअल्टीत न्या.

धागाकर्ती, पाच आठवड्यांनी :
खूप आभार. बाबांना बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) सर्जरी ओपीडीत नेले. एबीआय ०.९६. डॉपलरमध्ये शिरांच्या झडपा गळक्या निघाल्या. डॉक्टरांनी बारीक नायलॉनचा दोरा तळव्यावर टेकवून "कळतंय का" विचारले. बाबांना दोन ठिकाणी अजिबात कळले नाही, आणि ते आम्हाला अकरा वर्षांत माहीत नव्हते. आता अनवाणी अंगणातही जाऊ देत नाही. कडेचा तुकडा घेतला, त्यात काही वाईट नाही. तो रिपोर्ट येईपर्यंत आईला झोप नव्हती.

आता पावलापासून गुडघ्याखालपर्यंत थरांची बांधणी आहे, आठवड्याने बदलतात. रोजचे ओढणे थांबले. आजीने परवा स्वतः बांगड्याची उडदामेथी केली.

काल बांधणी सोडली तेव्हा पुन्हा रेघ ओढली. ती सगळ्या बाजूंनी जुन्या रेघांच्या आत आहे, खालच्या कडेला तर जवळजवळ बोटभर.

एक विचारायचे राहिले. चौथ्या दिवशी बांधणी घसरून घोट्याशी गोळा होते आणि तिथे काचते. आठवडा पुरा होईपर्यंत थांबावे की मधेच जाऊन बांधून घ्यावी? घरी सोडवून मी बांधली तर दाब चुकेल अशी भीती वाटते.