वीज माझी, पाणी त्याचं, तरी मीच का हरतोय?

जांबोटी_लाईन

मंडळी, आधी परिस्थिती सांगतो, मग काय शिव्या घालायच्या त्या घाला.

आम्ही पाच जण. दोघं तिलकवाडीतले, एक वडगावचा, मी खानापूरचा आणि पाचवा गोकाकचा, जो बेळगावात तिसऱ्या रेल्वे गेटजवळ रूम करून राहतो. दर शनिवारी रात्री शोडाऊनवर, म्हणजे पोकेमॉनच्या लढाया खेळायच्या साईटवर, खेळतो. नियम आमचे आम्हीच केलेत. प्रत्येकाने एकच टाइप (वीज, पाणी, गवत असा पोकेमॉनचा प्रकार) घ्यायचा आणि सीझनभर तोच ठेवायचा. सहा विरुद्ध सहा. जुन्या-नव्या सगळ्या पिढ्यांचे पोकेमॉन चालतात, पण लेजेंडरी (दुर्मिळ, ताकदवान पोकेमॉन) बंद, आणि लढाईत रूप किंवा टाइप बदलायचे मेगा, टेरा हे प्रकारही बंद. सीझनला जो शेवटचा राहील त्याने बाकीच्यांना कुंदा खाऊ घालायचा. गेल्या वेळी एक किलो माझ्या खिशातून गेला, म्हणून यंदा जरा इरेला पेटलोय.

मी वीज घेतली. गोकाकवाल्यानं पाणी घेतलं. मनात म्हटलं, चला, हा तर आयताच ताटात पडला. विजेपुढं पाणी टिकत नाही हे शेंबडं पोरही सांगेल. तर आजवर त्याच्याशी सात मॅच झाल्या, सहा हरलो. जी एक जिंकली ती त्याच्या रूमवरचा करंट गेला आणि टायमर संपला म्हणून.

त्याची टीम: पेलिपर, किंगड्रा, लुडिकोलो, स्वॅम्पर्ट, टॉक्सापेक्स, एम्पोलियन. दरवेळी पेलिपर पुढं काढतो, पाऊस सुरू होतो आणि हा चॅटमध्ये लिहितो, "मळी बंतु!" म्हणजे कन्नडात, पाऊस आला! इथं खानापुरात तीन आठवडे झाले कपडे वाळेनात, आणि हा मोबाईलमध्ये पण पाऊस पाडायलाय.

माझी टीम: जोल्टिऑन, मॅग्नेझोन, लक्सरे, रोटॉम-वॉश, अँफारोस, रायचू.

परवाची मॅच सांगतो. पहिला टर्न, माझा जोल्टिऑन, त्याचा पेलिपर. पेलिपरला दोन टाइप, पाणी आणि फ्लाइंग, दोन्हींना वीज दुप्पट, म्हणजे चौपट. थंडरबोल्ट दाबला. त्यानं पेलिपर मागं घेऊन स्वॅम्पर्ट आणला. परिणाम शून्य. आता मी डोकं लावलं: हा काय स्वॅम्पर्ट ठेवत नाही, परत पेलिपर आणणार. म्हणून मॅग्नेझोन काढला. त्यानं काही बदललं नाही, सरळ अर्थक्वेक टाकला, विजेवाल्यांना जोरात लागणारा ग्राउंडचा मार. स्टर्डी (एका फटक्यात न मरायचा गुण) होती म्हणून मॅग्नेझोन १ एचपीवर राहिला. पुढच्या टर्नला तोही गेला. तिथून पुढं मॅच सांगण्यासारखी नाही.

टीममध्ये काय बदलू? आणि तो कधी बदलणार, कधी थांबणार, हे ओळखायचं कसं?

---

मागावरची_ताई

आधी गणितातली चूक काढू. तू "पाणी" एवढंच वाचलंस आणि थांबलास. त्याच्या सहाही जणांना एकेक करून वीज लावून बघ की.

पेलिपरला चौपट, बरोबर. टॉक्सापेक्स आणि एम्पोलियनला दुप्पट. किंगड्रा पाणी आणि ड्रॅगन. ड्रॅगन वीज अर्धी करतो, म्हणजे हिशेब साधा झाला. लुडिकोलो पाणी आणि गवत, तिथंही तेच. स्वॅम्पर्ट पाणी आणि ग्राउंड, त्याला लागतच नाही. म्हणजे सहापैकी तिघांनाच तुझी वीज जोरात लागते, आणि त्या तिघांच्या दारात स्वॅम्पर्ट राखणीला बसलाय. पावसात पळून मारणारे जे दोघं आहेत, किंगड्रा आणि लुडिकोलो, ते तुझ्या विजेला घाबरतच नाहीत.

एकाच टाइपची टीम करणाऱ्याला आपलं दुखणं आपल्याआधी माहीत असतं. आमच्या गल्लीत मागावर साडी बघताना गिऱ्हाईक काठ-पदर बघतं, आणि विणणारा बघतो की धागा कुठं जोडलाय. टीम बघताना तसंच करायचं. विजेला तोडगा म्हणून त्यानं कुणाला घेतलंय ते आधी शोध. तुझ्या बाबतीत तो स्वॅम्पर्ट. तुझी टीम त्याच्यासाठी बांध, पेलिपरसाठी नको.

रोटॉम-वॉश काढ आणि रोटॉम-मो घाल. तेच ते गवत कापायचं मशीन. वीज आणि गवत, वर लेव्हिटेट (हवेत तरंगायचा गुण) असल्यामुळं अर्थक्वेक लागतच नाही. स्वॅम्पर्टला गवत चौपट. त्याचा लीफ स्टॉर्म हा गवताचा मार १३० पॉवरचा आहे, एकदा लागला की स्वॅम्पर्ट परत दिसत नाही.

आता यातली खरी गंमत बघ. पहिल्या टर्नला तुझा मो, त्याचा पेलिपर. तू लीफ स्टॉर्म दाबलास. त्यानं स्वॅम्पर्ट आणला तर स्वॅम्पर्ट मेला. नाही आणला, पेलिपरच राहिला, तर? पाण्याला गवत दुप्पट, फ्लाइंगला अर्धं, म्हणजे साधा मार. पण १३० चा साधा मार पेलिपरसारख्याला सोसत नाही, तीन हिस्से तरी जातोच. म्हणजे तुला अंदाज बांधायचीच गरज नाही. त्यानं काहीही केलं तरी तुझं नुकसान नाही, अशी मूव्ह आधी शोधायची. ती नसेल तरच अंदाजाच्या भानगडीत पडायचं.

दोन गोष्टी ध्यानात ठेव. लीफ स्टॉर्म टाकल्यावर तुझा स्पेशल अटॅक दोन पायऱ्या खाली येतो, म्हणून पुढच्या टर्नला मो मागं घे. आणि त्याची अ‍ॅक्युरसी ९० आहे, म्हणजे शंभरात दहादा चुकतो.

अँफारोसच्या जागी गॅल्व्हँटुला बघ. स्टिकी वेब (मैदानात येणाऱ्याचा वेग कमी करणारं जाळं) टाकतो, एनर्जी बॉल हा गवताचा मार मारतो. किंगड्रा आणि लुडिकोलोचा स्विफ्ट स्विम या गुणानं पावसात दुप्पट झालेला वेग त्या जाळ्यात एक तृतीयांश कापला जातो. जाळं काढायला डीफॉग टाकणारा बहुतेक पेलिपर नाहीतर एम्पोलियन, आणि त्या दोघांना तर तू बोलावतोच आहेस.

आणि थंडरबोल्ट कशाला वापरायलास? थंडरची अ‍ॅक्युरसी एरवी ७०, पण पावसात तो चुकतच नाही. पाऊस तो पाडतोय, भिजतोयस तू, मग निदान वीज तरी पाड.

---

चिकोडी_एक्सप्रेस

ताईंनी सगळं सांगितलंच आहे. मी फक्त वेगाचं बोलतो, कारण मला तेवढंच येतं.

लेव्हल १०० ला टिमिड नेचरचा (वेग वाढवणारा स्वभाव), पूर्ण ट्रेनिंग दिलेला जोल्टिऑन ३९४ वर जातो. किंगड्रा तसाच केला तर २९५, पावसात दुप्पट म्हणजे ५९०. आता जोल्टिऑनला चॉइस स्कार्फ दे. दीडपट झाला की ५९१.

एका पॉइंटनं पुढं! हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा मी रात्री दीड वाजता उठून बसलो होतो. किंगड्राला बरेच जण वेगाऐवजी ताकदीचं नेचर देतात, मग तो ५३८ वरच थांबतो. लुडिकोलो तर याहून मागं.

पण स्कार्फ घातला की एकाच मूव्हला अडकतोस. थंडर दाबलास आणि समोर स्वॅम्पर्ट आला तर परवाचीच कथा परत. म्हणून जोल्टिऑन लीडला, म्हणजे सुरुवातीला, नको. स्वॅम्पर्ट गेल्याशिवाय त्याला बाहेरच काढू नको.

आणि पाऊस मोज. साधा ५ टर्न, पेलिपरच्या हातात डॅम्प रॉक असेल तर ८. मी टर्नागणिक वहीवर रेघ मारतो, पाचवीला आडवी. खुळ्यासारखं दिसतं, पण पाऊस कधी संपणार हे त्याला माहीत आहे आणि मला नाही, अशी वेळ येत नाही. शेवटच्या एक-दोन टर्नांत तो पेलिपर परत आणायला बघणारच. तेव्हा मैदानात थंडरवाला हवा.

---

निपाणीचा_डीएसवाला

थीम बघून माणूस गाफील होतो, त्याचा किस्सा सांगतो. काकांनी दुबईहून सेकंडहँड डीएस (हातात धरून खेळायचं मशीन) आणला होता, त्यात पोकेमॉन डायमंड हा गेम. त्यात व्होल्कनर नावाचा विजेचा जिम लीडर आहे, म्हणजे गेममध्ये हरवावा लागणारा उस्ताद. मी ग्राउंडवाले भरून गेलो. त्याच्याकडं रायचू आणि लक्सरे होते, ते ठीक. पण बरोबर अँबिपॉम आणि ऑक्टिलरी. ऑक्टिलरी शुद्ध पाण्याचा, आणि ग्राउंडला पाणी दुप्पट! माझे ग्राउंडवाले एकामागून एक झोपले. पुढं फ्लिंट, आगीचा म्हणवतो, आणि पाचांत आगीचे दोनच. बाकी स्टीलिक्स, लोपनी, ड्रिफब्लिम. त्या गेमच्या डेक्समध्ये (पोकेमॉनच्या यादीत) विजेचे आणि आगीचे पोकेमॉनच मोजके होते, म्हणून बनवणाऱ्यांनी भरती केली. प्लॅटिनम या पुढच्या आवृत्तीत सुधारलं ते. पण तेव्हापासून मी थीमचं नाव ऐकलं की आधी विचारतो, बाकीचे कोण?

आता ताईंशी जरा वाद. मॅच सुरू होण्याआधी दोघांच्याही टीम समोर दिसतात. गवत कापायचं मशीन बघितल्यावर गोकाकवाला पहिल्याच टर्नला स्वॅम्पर्ट आणेल? सवय असेल तर एकदा आणेल. दुसऱ्यांदा नाही. पण माझ्या मते ते आणखी चांगलं. स्वॅम्पर्ट आणायला तो कचरला की तुझी वीज मोकळी. मोनं कुणाला मारलंच पाहिजे असं नाही, नुसता बाकावर बसून राहिला तरी त्याचं काम झालं.

आणि ओळखायचं कसं विचारलंस ना, तर रिप्ले (झालेल्या मॅचचं रेकॉर्डिंग) बघ. त्याचा पेलिपर आणि तुझा विजेवाला समोरासमोर आले, त्यानं काय केलं, एवढं एकच लिहून काढ. मॅग्नेझोन आणलास तो अंदाज नव्हता रे, नवस होता. अर्थक्वेकवाला समोर उभा असताना, तो जागेवरच राहिला तर काय, हे आधी विचारायचं. तिथं चुकलास तर एक पोकेमॉन जाणार होता. बरोबर आलास तर काय मिळणार होतं?

---

जांबोटी_लाईन

आधी कबुली. रिप्ले काढून बसलो. सात मॅच. सहा वेळा पहिल्याच टर्नला पेलिपर मागं, स्वॅम्पर्ट पुढं. सातव्या वेळी करंट गेला होता. म्हणजे हा माणूस सहाच्या सहा वेळा तेच करायलाय आणि मी सहाच्या सहा वेळा थंडरबोल्ट दाबायलोय. घरी सांगितलं तर बहीण म्हणाली, मग प्रेडिक्ट करणं तुला कशाला, त्यालाच सोपं जातंय की.

निपाणीवाले, तुमच्या शेवटच्या प्रश्नावर बसून विचार केला. काहीच मिळणार नव्हतं. फार तर पेलिपरला एक थंडरबोल्ट.

काल शनिवार. मो घेतला, गॅल्व्हँटुला घेतला, जोल्टिऑनला स्कार्फ. पहिली मॅच, पहिला टर्न, "मळी बंतु!", मी लीफ स्टॉर्म, त्यानं स्वॅम्पर्ट आणला. सवय ती सवय. आणि लीफ स्टॉर्म चुकला. ताई, तुम्ही ९० म्हणालाच होता. ती मॅच गेली.

दुसरी मॅच मागून घेतली. परत मो, परत पेलिपर, आणि त्यानं परत स्वॅम्पर्ट आणला! बहुतेक त्याला वाटलं, पहिल्यांदा चुकलंय म्हणजे हा आता घाबरून दुसरं काहीतरी दाबेल. मी तेच दाबलं. लागला. स्वॅम्पर्ट जागेवर झोपला. चॅट एकदम गप्प. दोन मिनिटं टायमर नुसता चालत होता. मला वाटलं, परत करंट गेला काय.

पुढं सगळं काही सुरळीत नव्हतं. किंगड्रानं रायचू आणि लक्सरे दोघांना घेतलं. वेब पसरायच्या आतच गॅल्व्हँटुला गेला, टायमिंग माझंच चुकलं. पण पावसाच्या रेघा मारत होतो. सातवी रेघ मारली आणि पेलिपर आलाच. मॅग्नेझोननं थंडर दिला. मग पाऊस संपला, किंगड्रा साध्या वेगावर आला आणि जोल्टिऑननं बाकीचं आवरलं. ५९१ ची गरजच पडली नाही, चिकोडीवाल्यांना वाईट वाटेल.

मॅच संपल्यावर त्याचा मेसेज आला: पुढच्या शनिवारी स्वॅम्पर्ट नाही, गॅस्ट्रोडॉन आणतोय, बघू तुझं मशीन काय करतंय. आता हे खरं का मला फसवायला? मो काढून वॉश परत घालू काय?

---

मागावरची_ताई

गॅस्ट्रोडॉनही पाणी आणि ग्राउंडच. क्वॅगसायर आणला तरी तेच. तिघांनाही गवत चौपट. त्याला काय आणायचं ते आणू दे, मो काढू नको.

गॅल्व्हँटुलाला फोकस सॅश दे म्हणजे वेब टाकेपर्यंत तरी जगेल. आणि कुंदा कोण देणार ठरलं की इथं सांग.