जुने मराठी चित्रपट टीव्हीवर: चेहरे पसरट आणि गाणी चढी का?

लष्कर_ग्वाल्हेर
नमस्कार मंडळी. घरची ज्येष्ठ मंडळी आणि शाळकरी मुलं एकत्र पाहतील असे १९३६ ते १९५३ मधले मराठी चित्रपट लावायचे आहेत. टीव्ही ४३ इंची, फाइली पेनड्राइव्हवर. माणसं आडवी पसरलेली दिसतात आणि गाणी चढ्या पट्टीत लागतात. सेटिंग काय ठेवू? आणि सुरुवात कोणत्या चित्रपटाने करावी?

रीळवाला
त्या काळची चौकट (रुंदी : उंची) १.३७:१, म्हणजे जवळपास ४:३. तुमचा टीव्ही १६:९. ताणून पडदा भरलात तर चेहरे एक तृतीयांशाने रुंद होतात. झूम केलंत तर वरचा-खालचा मिळून पाव भाग कापला जातो, पागोटी आणि पाय दोन्ही जातात. म्हणून ४:३ ठेवा, बाजूचे काळे पट्टे राहू द्या. कधीकधी हे पट्टे फाइलीतच असतात. अशा वेळी ४:३ केलं की माणसं काटकुळी होतात, तिथे १६:९ च बरोबर. शार्पनेस अगदी कमी करा.

गाण्यांचं कारण वेगळं. रीळ सेकंदाला २४ चौकटींनी चालतं, आपली जुनी टीव्ही पद्धत २५ ची. रूपांतर करताना बरेचदा रीळ २५ नेच पळवतात. वेग ४ टक्क्यांनी वाढतो आणि पेटीच्या काळी एक या पट्टीतलं गाणं तिच्या वरच्या पांढरी दोनच्या जवळ जातं. ग्वाल्हेरच्या कानांना ते खटकणारच! लॅपटॉप टीव्हीला जोडून व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये वेग ०.९६ करा. ऑडिओ सेटिंगमधल्या 'टाइम स्ट्रेचिंग'ची खूण मात्र काढा, नाहीतर वेग उतरेल आणि पट्टी चढीच राहील.

जुनी_तबकडी
वेग बदलण्याआधी खात्री करून घ्या. सुरुवातीच्या सेन्सॉर प्रमाणपत्रावर लांबी फुटांत असली तर तिला ९० ने भागा, मिनिटं मिळतील. १२,००० फूट म्हणजे साधारण १३३ मिनिटं. फाइल १२८ ची निघाली तर वेग वाढवलाय. ११५ ची असेल तर प्रसंगच कापलेत, त्याला इलाज नाही, दुसरी प्रत शोधा.

पडद्यामागे
सुरुवात 'संत तुकाराम'ने (१९३६) करा. पागनीसांचा तुकाराम शांत, जवळजवळ अभिनय न करणारा. त्याच्यासमोर गौरी यांची आवली थेट देवावर तोंड टाकते. चित्रपट खरा तिच्यामुळे उभा राहतो असं मला ठाम वाटतं. मुलांना शेवटचं गरुडविमान आवडेल. 'आधी बीज एकले' हा तुकोबांचा अभंग नव्हे, ती शांताराम आठवल्यांची रचना, हे आधीच सांगून ठेवा.

'कुंकू' (१९३७) मुलं थोडी मोठी असतील तरच. त्यात पार्श्वसंगीताऐवजी भोवतालचे आवाजच वापरलेत, त्यामुळे टीव्हीचा 'सराउंड' आणि आवाज सफाईचे पर्याय बंद हवेत. नाहीतर शांता आपटे आणि केशवराव दाते यांच्या प्रसंगांतले बारीक आवाज पुसले जातात. सगळा ताण त्यांच्यातच आहे.

'श्यामची आई' (१९५३) मात्र ग्वाल्हेरात लावायलाच हवा. आईचं काम करणाऱ्या वनमालाबाई इथल्याच पवार घराण्यातल्या.

रीळवाला
'कुंकू'बद्दल सहमत. फक्त बास (खालचे जाड आवाज) कमी करा. जुन्या ध्वनिपट्टीत खाली घरघरच जास्त असते. ट्रेबल (वरचे बारीक आवाज) अगदी शून्य करू नका, 'स' आणि 'श' मधला फरक जातो आणि संवाद कळेनासे होतात.