४ जीबी रॅम, विंडोज १०, डिजिटल सही आणि नेटबँकिंग: ब्राउझर कोणता ठेवावा?

कोरीपाटी (प्रश्न)

दुकानाच्या हिशेबाच्या लॅपटॉपवर ब्राउझर निवडायचा आहे. ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क (एसएसडी नाही), विंडोज १०. कामं अशी: जीएसटी आणि आणखी एक-दोन सरकारी पोर्टलं, यूएसबी टोकनवरची डिजिटल सही, दोन बँकांचं नेटबँकिंग, मराठी बातम्या, संध्याकाळी यूट्यूब. सध्या क्रोम आहे. आठ-दहा टॅब उघडले की लॅपटॉप गोठतो. एका पोर्टलवर सहीचं बटण दाबलं की काहीच घडत नाही. बातम्यांच्या पानांवर जाहिरातींमधून मजकूर शोधावा लागतो.

फायरफॉक्स, एज, ब्रेव्ह, ऑपेरा यांत खरा फरक कशात आहे? 'हलका ब्राउझर' म्हणतात त्यात तथ्य आहे का? घरात एक आयफोन आणि दोन अँड्रॉइड फोन आहेत, तिथेही तोच ब्राउझर ठेवावा का?

यंत्रतंत्र

आधी इंजिन बघा, नाव नंतर. पानाचा कोड वाचून ते पडद्यावर मांडणारा भाग म्हणजे इंजिन, आणि आज रोजच्या वापरात अशी तीनच आहेत. ब्लिंक हे २०१३ मध्ये वेबकिटपासून वेगळं झालं. क्रोम, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी आणि जानेवारी २०२० पासून एजसुद्धा त्यावरच चालतात. फायरफॉक्सचं इंजिन गेको, सफारीचं वेबकिट. म्हणजे तुम्ही विचारलेल्या चारपैकी तिघांच्या पोटात तेच आहे जे तुमच्या क्रोममध्ये आहे. एखादं पान क्रोममध्ये मोडत असेल तर ऑपेरा टाकून बघण्यात वेळ घालवू नका, फायरफॉक्समध्ये उघडून बघा.

आता 'हलका'. २०१८ च्या सुरुवातीला प्रोसेसरमधली स्पेक्टर नावाची त्रुटी उघड झाली. एका साइटचा कोड त्याच प्रोसेसमधल्या (प्रोसेस म्हणजे प्रोग्रॅमचा स्वतंत्र चालणारा भाग) दुसऱ्या साइटची माहिती वाचू शकेल अशी भीती होती. त्यावर उपाय म्हणून क्रोमने त्याच वर्षी प्रत्येक साइट वेगळ्या प्रोसेसमध्ये टाकायला सुरुवात केली. फायरफॉक्सने तेच २०२१ मध्ये केलं. प्रत्येक प्रोसेसला स्वतःची रॅम लागते. बँकेचा टॅब बातम्यांच्या टॅबपासून अलग राहावा याची ही किंमत आहे आणि ती मोजलीच पाहिजे. म्हणून 'रॅमच खात नाही' असा दावा करणाऱ्या अनोळखी ब्राउझरपासून दूर राहा. त्याचं इंजिन बहुधा जुनं असतं आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या मागे पडलेल्या असतात.

खरी खादाडी कुठे आहे ते डोळ्यांनी बघा. क्रोम, एज किंवा फायरफॉक्समध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडेल. त्यात मेमरीच्या रकान्यावर क्लिक करून उतरता क्रम लावा. जाहिरातींनी भरलेलं बातम्यांचं एकच पान नेटबँकिंगच्या पानाच्या कितीतरी पट रॅम घेताना दिसेल. एक्स्टेंशनंही (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) त्याच यादीत असतात, बिनकामाची काढून टाका.

लॅपटॉप गोठतो याचं कारण मात्र हार्ड डिस्क आहे. रॅम भरली की विंडोज त्यातला मजकूर डिस्कवर ढकलतं, आणि फिरती डिस्क ते पुन्हा वाचून आणेपर्यंत सगळं थांबतं. त्या क्षणी विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसेल. कोणताही ब्राउझर बदलून जितका फरक पडेल त्याहून मोठा फरक एक एसएसडी किंवा ४ जीबी रॅमची जादा पट्टी पाडेल. तोवर क्रोममध्ये सेटिंग्ज > परफॉर्मन्स > मेमरी सेव्हर चालू करून 'मॅक्सिमम' निवडा. सेटिंग्ज > सिस्टममध्ये ब्राउझर बंद केल्यावरही पार्श्वभूमीत ॲप्स चालू ठेवायचा पर्याय आहे, तो बंद करा. एजमध्ये 'स्लीपिंग टॅब्ज'ची वेळ पाच मिनिटांवर आणा आणि 'स्टार्टअप बूस्ट' बंद करा. तो ब्राउझर लवकर उघडावा म्हणून आधीच रॅम अडवून ठेवतो, जी तुमच्याकडे नाही.

माझी निवड: रोजच्या वाचनाला फायरफॉक्स, त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन. पोर्टलांसाठी वेगळा ब्राउझर.

सहीशिक्का

पोर्टलांचं मी सांगतो. तो वेगळा ब्राउझर एज ठेवा. विंडोजमध्ये आहेच, त्यासाठी क्रोमही ठेवायची गरज नाही.

'सही करा' दाबून काहीच न होण्यामागे ब्राउझरचा दोष क्वचित असतो. पूर्वी ब्राउझरमधलं जावा प्लगइन थेट टोकन वाचायचं. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये असल्या प्लगइनांना दार बंद केलं. तेव्हापासून सही करणारा प्रोग्रॅम संगणकावर वेगळा चालतो आणि पान त्याच्याशी १२७.०.०.१ या स्वतःच्याच पत्त्यावरून बोलतं. ही साखळी कुठेही तुटली तरी पडद्यावर काही दिसत नाही. म्हणून क्रमाने तपासा.

टोकनचा ड्रायव्हर उघडून त्यात प्रमाणपत्र दिसतं का आणि त्याची मुदत शिल्लक आहे का ते बघा. मग सहीचा प्रोग्रॅम 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने चालू करा. लॅपटॉप पुन्हा सुरू केल्यावर तो आपोआप उठतोच असं नाही. जीएसटीसाठी तो एमसायनर, आणि त्याचा पोर्ट, म्हणजे पानाने त्याच्याशी बोलायच्या दाराचा क्रमांक, १५८५. पत्त्याच्या पट्टीत एचटीटीपीएस लावून १२७.०.०.१:१५८५ उघडा. प्रमाणपत्राचा इशारा आला तर 'ॲडव्हान्स्ड' मधून पुढे जा. पत्ता तुमच्याच संगणकाचा आहे म्हणून इथे हे चालतं, इतर कुठल्याही साइटवर असा इशारा ओलांडू नका. ही मान्यता ज्या ब्राउझरमधून सही करणार त्यातच द्यावी लागते. फायरफॉक्स अपवादांची यादी स्वतःची वेगळी ठेवतो, त्यामुळे एजमध्ये चालणारी सही तिथे अडकते.

आणखी एक नवी अडचण. क्रोम १४२ पासून, म्हणजे ऑक्टोबर २०२५ नंतर, वेबसाइटला तुमच्या संगणकावरच्या किंवा घरच्या नेटवर्कवरच्या प्रोग्रॅमशी बोलायचं असेल तर आधी परवानगीची खिडकी येते. घाईत 'ब्लॉक' दाबलं गेलं की पुढे कधीच विचारत नाही. पत्त्याच्या डावीकडचं चिन्ह दाबा, साइट सेटिंग्जमध्ये 'लोकल नेटवर्क' शोधा आणि 'अलाउ' करा.

फारच जुनं, फक्त इंटरनेट एक्सप्लोररवर चालणारं पोर्टल असेल तर एजमध्ये सेटिंग्ज > डीफॉल्ट ब्राउझर इथे आयई मोड आहे. पानाचा पत्ता यादीत घाला. नोंद ३० दिवस टिकते, मग पुन्हा घालावी लागते. त्या मोडमध्ये त्या एका पोर्टलाशिवाय काहीही उघडू नका.

बँकेबद्दल: पत्त्याशेजारचं कुलूप म्हणजे साइट खरी, असं समजू नका. कुलूप फक्त जोडणी कूटबद्ध आहे एवढंच सांगतं आणि ते फसव्या साइटलाही सहज मिळतं. क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये ते चिन्हच काढलं, ते याचसाठी. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर यायला सांगितलं होतं. साइटच्या नावाचा शेवट तसा आहे का ते बघा आणि तो पत्ता बुकमार्क करून तिथूनच जा, शोधयंत्रातून नको.

ढालकाठी

यंत्रतंत्र यांच्याशी इंजिनाच्या बाबतीत सहमत, पण जाहिरातींसाठी ब्रेव्हही तितकाच योग्य आहे. क्रोमने एक्स्टेंशनांचे नियम बदलले, मॅनिफेस्ट व्ही३. त्यात अडवायच्या पत्त्यांची यादी ब्राउझरला आधीच द्यावी लागते, एक्स्टेंशन प्रत्येक विनंती स्वतः तपासून थांबवू शकत नाही. पूर्ण ताकदीचं यूब्लॉक ओरिजिन त्यामुळे क्रोममधून गेलं, राहिलं ते 'लाइट'. फायरफॉक्सने जुनी पद्धत चालू ठेवली आहे. ब्रेव्हची जाहिराती अडवणारी ढाल एक्स्टेंशन नसून ब्राउझरमध्येच बांधलेली आहे, म्हणून तिला हा नियम लागत नाही.

टॅब झोपवणारी एक्स्टेंशनं मात्र टाकू नका. 'द ग्रेट सस्पेंडर' नेमकं याच कामाचं होतं, लोकप्रियही होतं. २०२० मध्ये मालक बदलला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते घातक म्हणून काढून टाकलं. तुम्ही विश्वास ठेवता तो एका मालकावर, आणि एक्स्टेंशन विकलं गेलं तरी तुम्हाला कळत नाही.

फोन: भारतात आयफोनवर क्रोम घ्या नाहीतर फायरफॉक्स, आतून वेबकिटच असतं. ॲपलच्या नियमाने दुसरं इंजिन चालत नाही, युरोपीय संघात मार्च २०२४ पासून सूट आहे. तेव्हा तिथे सफारीच ठेवा. अँड्रॉइडवर फरक पडतो: क्रोममध्ये एक्स्टेंशनं नाहीत, फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन बसतं.

यंत्रतंत्र

ब्रेव्ह चालेल. पण पहिल्याच दिवशी वॉलेट, रिवॉर्ड्स आणि पहिल्या पानावरच्या प्रायोजित चित्रांचे पर्याय बंद करा. मी फायरफॉक्सवर ठाम आहे कारण त्यात सेटिंग्ज > जनरल > फॉन्ट्स > ॲडव्हान्स्डमध्ये देवनागरीसाठी वेगळा फॉन्ट आणि किमान आकार ठरवता येतो. किमान १६ ठेवा, मराठी बातम्यांची बारीक जोडाक्षरं लगेच स्पष्ट दिसतात. क्रोममध्ये लिपीनुसार हा पर्याय नाही.

कोरीपाटी

फायरफॉक्स आणि एज असं ठरवतो. क्रोममधले पासवर्ड कसे हलवू? विंडोज १० असण्याने काही अडेल का?

सहीशिक्का

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ब्राउझर अजून अद्ययावत होत राहतील, पण त्याखालची विंडोज होणार नाही. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये एक वर्षाच्या जादा सुरक्षा-दुरुस्त्यांची नोंदणी आहे का ते बघा आणि असेल तर करून टाका. हा लॅपटॉप पैशाचे व्यवहार करतो.

पासवर्ड: क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरच्या सेटिंग्जमधून 'एक्सपोर्ट' केलं की सीएसव्ही फाइल मिळते. ती फायरफॉक्सच्या पासवर्डच्या पानावर 'इंपोर्ट' करा. थेट आयात करायचा मार्ग क्रोमच्या नव्या कूटबद्धतेमुळे विंडोजवर भरवशाचा राहिलेला नाही. त्या फाइलमध्ये सगळे पासवर्ड उघडे लिहिलेले असतात. ती मेल करू नका, पेनड्राइव्हवर ठेवू नका, काम झालं की शिफ्ट-डिलीटने उडवा आणि डाउनलोड्सचा फोल्डर पुन्हा एकदा बघा, दोनदा एक्सपोर्ट झालेली प्रत तिथेच राहते. फायरफॉक्समध्ये प्रायमरी पासवर्ड, म्हणजे साठवलेले पासवर्ड उघडायला लागणारा पासवर्ड, लावा. पासकी (पासवर्डऐवजी वापरायच्या डिजिटल किल्ल्या) असतील तर त्या सीएसव्हीत येत नाहीत, प्रत्येक साइटवर नव्या ब्राउझरमधून पुन्हा तयार कराव्या लागतात. तोवर क्रोम काढू नका.