मदत हवी आहे: पिंटॉसमध्ये दुसरा प्रोसेसर जोडताना शेड्यूलरचे लॉक कोठे सोडावे?
नमस्कार. स्टॅनफर्डच्या पिंटॉस या शैक्षणिक कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) मी एकाहून अधिक प्रोसेसर चालवू पाहत आहे. दुसरा प्रोसेसर सुरू होऊन प्रोटेक्टेड मोडमध्ये (कर्नल ज्यात चालतो त्या ३२-बिट अवस्थेत) येतो. तिथवर अडचण नाही. सामायिक माहिती सुरक्षित ठेवण्यासाठी मूळ कर्नल मात्र इंटरप्ट (चालू काम मध्येच थांबवणारे संकेत) बंद करण्यावर विसंबतो आणि त्याचा परिणाम ते बंद करणाऱ्या प्रोसेसरपुरताच राहतो, म्हणून मी सेमाफोरला (थ्रेडना थांबवणाऱ्या व जागे करणाऱ्या गणकाला) स्पिनलॉक, म्हणजे मोकळे होईपर्यंत प्रोसेसर सतत तपासत राहतो असे लॉक, दिले. आता थ्रेड (स्वतंत्रपणे चालणारे काम) प्रतीक्षायादीत गेल्यावर, पण प्रोसेसरने त्याचा स्टॅक (त्याची तात्पुरती माहिती ठेवणारी मेमरी) सोडून दुसऱ्या थ्रेडचा घेण्यापूर्वी लॉक सोडले, तर दुसरा प्रोसेसर त्या थ्रेडला जागे करून तोच स्टॅक वापरू लागू शकतो, आणि हा धोका मला सर्वांत गंभीर वाटतो. एक्सव्ही६ या दुसऱ्या शैक्षणिक कर्नलप्रमाणे शेड्यूलरचे (पुढे कोणता थ्रेड चालवायचा हे ठरवणाऱ्या भागाचे) लॉक स्टॅक बदलेपर्यंत धरून ठेवणे योग्य दिसते. परंतु प्रथमच चालणाऱ्या थ्रेडने ते कोठे सोडावे, आणि सेमाफोरचे व शेड्यूलरचे लॉक कोणत्या क्रमाने घ्यावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.